वकीलसाहेबांच्या मोटारीचं निकल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, रोज सकाळी पोहायला येणाऱ्या मित्रांनाही नाही — आणि त्यांना तर मी न विचारता सगळंच सांगतो. माझा धंदा कसा सुरू झाला, ही गोष्ट नाशकात पुष्कळांना पाठ आहे. मीच ती रंगवून रंगवून सांगत आलो. पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी आज तुम्हांला सांगतो.

आधी जरा मोटारींबद्दल बोलू द्या. मुद्द्यावर येतो — पळून जात नाही.

आम्ही जातीचे तांबट. वडिलांचं हंडे-घागरींचं दुकान होतं. माझा हात हातोडीला कधी बसला नाही. मी घडवलेली घागर सरळ उभी राहायला राजी नसे. चकाकी आणणं मात्र मला उपजत येत होतं. चिंच, राख आणि विटकरीची पूड, हा आमच्या घरचा मसाला. मी घासलेल्या तांब्यात गिऱ्हाईक आधी आपल्या मिशा बघे आणि मग भाव विचारी.

तीस सालानंतरचे ते दिवस. गावात मोटारी मोजक्याच, पण मुंबईहून त्र्यंबकला दर्शनाला जाणाऱ्या गाड्या पुष्कळ येत, आणि परतताना अशा धुळीने माखलेल्या असत की मूळ रंग कोणता ते मालकालाही सांगता येऊ नये. मला ते बघवत नसे. कुणी हो म्हटलं की मी फडकं घेऊन तुटून पडे — हौसेने, फुकट. मडगार्डांना रॉकेलचा हात, कातडी बैठकींना खोबरेल, भोंग्याच्या पितळेला आमचा मसाला. वडील म्हणत, "लोक गंगेवर स्वतः आंघोळ करायला येतात, आमचे चिरंजीव मोटारींना घालतात."

ह्या हौसेला खतपाणी घातलं ते इस्माईलभाईंनी. शरणपूर रोडवर राहणाऱ्या एका वकीलसाहेबांकडे ते ड्रायव्हर होते. वयाने माझ्या वडिलांएवढे, अंगात परीटघडीचा खाकी कोट, आणि गाडीशी वागणं असं, की जणू सासरी जपून पाठवलेली लेकच. त्यांनी मला गाडीला हात लावू दिला. धूळ आधी पाण्याने सोडवायची, मग पुसायचं, नाहीतर रंगावर ओरखडे उठतात, हे त्यांनी शिकवलं. शॅमीचं मऊ कातडं कसं पिळायचं तेही. एक गोष्ट मात्र रोज बजावत — रेडिएटरच्या चौकटीला आणि पुढच्या दिव्यांना मसाला लावायचा नाही. तिथे नुसतं फडकं.

का? ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. विचारायला काय झालं होतं मला? पण तांबटाच्या पोराने ड्रायव्हरला धातूबद्दल विचारायचं म्हणजे — कळलं ना तुम्हांला.

ती चौकट पांढरी होती. वरच्या कोपऱ्यात पांढरं थोडं झिजून आतून पिवळं डोकावत होतं. मी ते रोज बघे आणि रोज अस्वस्थ होई. कारण आमच्यात कल्हई भांड्याच्या आतून असते. बाहेरून कल्हईचा ओघळ राहिला तर कारागिराची लाज निघते. मला वाटलं, हे विलायतेतल्या कुणा गबाळ्याचं काम आहे. पितळेची इतकी सुंदर चौकट, आणि बाहेरून कल्हई फासून ठेवलेली.

एका शुक्रवारी दुपारी वकीलसाहेब कोर्टात होते आणि गाडी कोर्टाबाहेर उभी होती. इस्माईलभाई नमाजाला निघाले. जाता जाता माझ्याकडे वळून बोट उगारून म्हणाले, "गोविंद, नुसतं पूस. मसाला नाय." मी मान हलवली. ते दिसेनासे झाले, आणि मी पिशवीतून मसाला काढला.

किती आनंदात होतो म्हणून सांगू. पांढरं निघत होतं, पिवळं वर येत होतं, घाम नाकावरून ओघळत होता. मनातल्या मनात वकीलसाहेबांची शाबासकीसुद्धा ऐकून झाली होती. अर्धी चौकट आणि एक दिवा सोन्यासारखा झाला, तेवढ्यात साहेब बाहेर आले. त्यांच्यामागून एक अशील, आणि रस्त्याच्या टोकाकडून इस्माईलभाई.

साहेबांनी चौकट बघितली. मग मला ऐकायला मिळालं, की ती कल्हई नव्हती. ते निकल होतं. गाडी बनवणाऱ्यांनी मुद्दाम, विजेच्या युक्तीने चढवलेलं, आणि नाशकात कुणाला परत चढवता येणार नाही असं. "हे कुणी सांगितलं तुला?" साहेबांनी विचारलं.

आता बघा — मला कुणी फासावर देणार नव्हतं. मी त्यांचा नोकर नव्हतो. फार तर दोन थोबाडीत बसल्या असत्या आणि वडिलांच्या कानावर गेलं असतं. पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की आता आपल्याला पुन्हा कुणी गाडीला हात लावू देणार नाही. आणि मी बोट दाखवलं. म्हणालो, "इस्माईलभाईंनीच. साहेब येईपर्यंत सगळं घासून काढ म्हणाले."

इस्माईलभाई म्हणाले, "मी मना केलं होतं, साहेब." एकदाच म्हणाले. माझ्याकडे पाहिलं — रागाने नाही, गोंधळून. साहेब वकील ना. त्यांनी तिथेच माझी उलटतपासणी घेतली. आणि मी उत्तरं कशी दिली म्हणता? एकही अडखळलं नाही. खोटं बोलायचा मला सराव नव्हता, तरी पहिल्याच झटक्यात जमलं. दुसऱ्या दिवसापासून इस्माईलभाईंना कामावर येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

ही झाली न सांगितलेली अर्धी. आता सगळ्यांना पाठ असलेली ऐका.

वकीलसाहेबांच्या पत्नी माहेराहून परतल्या. मोटारीची अर्धी पांढरी आणि अर्धी सोनेरी चौकट बघून त्या पायरीवरच थांबल्या. साहेबांना वाटलं, आता आपली कानउघाडणी होणार. बाई म्हणाल्या, "किती छान दिसतेय, देवघरातल्या समईसारखी. मग अर्धीच का ठेवलीत?" मला बोलावणं आलं. मी उरलेली अर्धी घासली, दुसरा दिवा घासला. गाडी गावातून फिरली आणि लोक माना वळवून बघू लागले. एका सावकाराला तसलीच हवी झाली, मग एका डॉक्टरांना. निकल निघालं की पितळ आठवड्याभरात काळवंडतं, हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं. तोवर ते माझे कायमचे गिऱ्हाईक झाले होते. मी त्र्यंबक रोडवर एका चिंचेखाली पाट्या-बादल्या मांडल्या आणि फळ्यावर लिहिलं, 'सोनेरी पॉलिश'. वडीलसुद्धा येऊन बघून गेले. जाताना म्हणाले, "चिंच पडते तिथेच दुकान टाकलंस, अक्कल आहे."

सगळे विचारत, ही कल्पना कुणाची? मी म्हणे, माझी.

बघितलंत? काम एकच. शिव्या मिळत होत्या तोवर ते इस्माईलभाईंचं होतं. शाबासकी मिळू लागली आणि ते माझं झालं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण त्या नागोबाने निदान बीळ खणणाऱ्यावर आळ घेतलेला नसतो. एकदा वकीलसाहेब स्वतःहून म्हणालेही, "उगीच काढला का रे आपण इस्माईलला?" किती सोपं होतं तेव्हा. साहेब खुशीत होते, बाई खुशीत होत्या, गाडी झळकत होती. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "नवा ड्रायव्हरही बरा आहे, साहेब."

इस्माईलभाई लासलगावकडे कांद्याची लॉरी चालवू लागले. एकदा मी त्यांना रस्त्यात पाहिलं. कोट नव्हता, गंजीफ्रॉक होता, आणि लॉरीचं नाक चिखलाने लडबडलेलं. चिखल ठेवणारा तो माणूस नव्हे. मी झाडामागे झालो. आणि खरं सांगू? संध्याकाळी घरी येऊन पोटभर जेवलो. मला हे आवडायला नको होतं, पण माझे ते दिवस मजेचे होते. मी शीळ घालत काम करायचो.

काही वर्षांनी एक नवीकोरी मोटार माझ्या चिंचेखाली येऊन उभी राहिली आणि खाकी कोटातले इस्माईलभाई खाली उतरले. मालेगावच्या एका लुगड्यांच्या व्यापाऱ्याने त्यांना ठेवलं होतं. दाढी पांढरी झाली होती. मी हातातली बादली खाली ठेवली. वाटलं, आता चारचौघांत बोलणार. बोलू देत, वाटलं — खरंच वाटलं, सुटलो एकदाचा.

ते म्हणाले, "मालकांना सांगितलं, धुवायची तर गोविंदकडेच. हात चांगला आहे त्याचा." मग मला जरा बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाले, "इतकी वर्षं डोक्यात आहे, बेटा. त्या दिवशी मी नमाजाच्या घाईत होतो. रोज सांगायचो तेच त्या दिवशी सांगायचं राहून गेलं असेल, नाहीतर भलतंच काही बोलून गेलो असेन. तू कशाला खोटं बोलशील? माझ्यामुळे साहेबांसमोर तुला खाली मान घालावी लागली. मनात ठेवू नकोस."

ते आता नाहीत. हे त्यांना सांगायला मला त्यानंतरही पुष्कळ वर्षं मिळाली; दर दिवाळीला ते गाडी घेऊन येत. पण त्या दिवशी त्यांनी माझा हात हातात धरला होता, उत्तराची वाट बघत होते, आणि मी उत्तर दिलं.

म्हणालो, "जाऊ द्या, इस्माईलभाई. मी केव्हाच माफ केलं."