सात चुकांचा चौथा भाग

कपडे आल्टर करून देणाऱ्या त्या चिंचोळ्या दुकानात दोन शिलाई मशिनी, कापायचं एक टेबल आणि एक उभा आरसा एवढंच कसंबसं मावत होतं. तरी सोमवारी सकाळी तिथे गिऱ्हाइकांपेक्षा श्रोतेच जास्त असत. कारण दुर्बीणबाई. हे नाव कटिंग करणाऱ्या मास्तरांनी ठेवलेलं. शनिवार-रविवारी बाईंनी जे काही पाहिलं असेल, त्याची सोमवारी मशीनवर बसल्या बसल्या चिरफाड व्हायची, आणि समोरचा औषधवाला खास ती ऐकायला दुकान उघडं टाकून यायचा.

"गोष्ट कशी आहे, बाई?"

"गोष्ट बरी आहे हो. पण ती बाई गॅसवर दूध ठेवून दार उघडायला गेली, ती गेलीच. पुढे दोन खून झाले, पोलीस आले, माझं सगळं लक्ष दुधाकडे."

एका रहस्यमालिकेबद्दल त्या म्हणाल्या, "इतका अंधार, की गुन्हेगार सोडा, मला पोलीससुद्धा दिसले नाहीत. एवढी मोठी चौकी, एक बल्ब लावायला काय होतं?" एका मारधाडीच्या सिनेमातल्या नायकाने पाचव्या मजल्याची काच फोडून उडी मारली, तर बाईंनी त्याचा शर्ट पाहिला. "खाली पोचला तरी इस्त्री जशीच्या तशी. असलं कापड बाजारात आलं, तर आपण दुकान बंद करायचं, मास्तर." सर्वांत जास्त राग त्यांना पडद्यावरच्या आयांचा यायचा. मुलाला लागलं की यांनी छातीवर हात ठेवून खाली बसायचं. "खरी आई आधी पोराला दवाखान्यात नेईल, आणि मग सवडीने चक्कर येऊन पडेल."

औषधवाला डोळे पुसेपर्यंत हसायचा. त्याला हे माहीत नव्हतं, की बाईंना हे गंमत म्हणून दिसत नसे. त्या कुठेही बसल्या तरी कुठला तरी गॅस चालू राहिलाय, कुणाचं तरी दार नुसतं लोटलंय, कुणीतरी उपाशी झोपलंय, असंच त्यांना वाटत राही. पडद्यावर तेच दिसे, इतकंच.

लेक लहान असताना दोघी शेजारी बसून चुका शोधायच्या. "आई, घड्याळ!" "बघितलं. तू कानातलं बघ." हाच खेळ पुढे लेकीच्या पोटापाण्याचा धंदा झाला. ती आता दुसऱ्या शहरात राहून शूटिंगच्या नोंदी ठेवायचं काम करत होती. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी, मागचापुढचा कसाही घेतात. आधीच्या तुकड्यात कप कुठे होता, बटण लावलेलं होतं की उघडं, हे वहीत टिपायचं आणि पुढच्या वेळी सगळं तसंच आहे ना ते बघायचं.

"म्हणजे आईचंच काम," तिचे वडील म्हणाले होते, "फक्त पगारी."

आणि आता लेकीने पहिल्यांदाच एकटीने सांभाळलेली आठ भागांची मालिका शुक्रवारी आली होती. हिच्यातलं काम बघूनच पुढचं मिळणार होतं, किंवा मिळणार नव्हतं.

रविवारी दुपारी बाई चष्मा पुसून बसल्या. पहिले तीन भाग म्हणजे धुतल्या तांदळासारखे. टाचणी हललेली नाही. चौथ्या भागात दोन बहिणींचं स्वयंपाकघरात भांडण होतं, आणि तिथे थोरलीच्या डाव्या हाताची पट्टी उजव्या हातावर गेली.

बाईंनी मागे जाऊन पुन्हा पाहिलं. पट्टी उजव्याच हातावर होती. शिवाय रिकामा कप भरला होता, भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास मागे आलं होतं, आणि धाकटीच्या गळ्याचं बटण उघडझाप करत होतं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा आकडा सातवर गेला. मग त्यांनी टीव्ही बंद केला, जणू तेवढ्याने इतरांना ते दिसायचं थांबणार होतं. उरलेले चार भाग त्यांनी संध्याकाळी पाहिले. त्यांत काही नव्हतं, पण त्याचा आनंदही झाला नाही.

सोमवारी औषधवाला सगळ्यांच्या आधी हजर. "काय बाई, घरच्याच मालिकेची आज सालं काढणार ना?"

"एकही चूक नाही," बाई म्हणाल्या आणि मशीन जोरात चालवली.

"एकही? लेक म्हणून सूट देताय!"

"तुमच्या दुकानात कुणीतरी उभं आहे, जा."

बाराच्या सुमाराला लेकीचा फोन आला. "आई, बघितलीस?"

"बघितली की! आठही भाग. फार छान झालंय गं."

"आणि चुका?"

"एकही नाही."

"चौथा भाग बघितलास?"

"आठही म्हटलं ना."

"आई, वेळ मिळाला नसेल तर तसं सांग. न बघता छान छान कशाला म्हणतेस? बाकीचे म्हणतात ते पुरे आहे मला." आणि फोन बंद.

जीव वाचवायला गेलेल्या माणसाने पाण्यात ढकलून द्यावं, तसं झालं होतं. पुन्हा फोन लावावा, तर काय सांगणार? खरं सांगितलं तर तिचा धीर खचेल. नाही सांगितलं तर आईने पहिलं कामसुद्धा पाहिलं नाही, हे तिच्या मनात कायमचं बसेल. त्या उठल्या, पाणी प्यायल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. दुकानाच्या उघड्या दाराला कडी घातलेली नव्हतीच, तरी जाऊन बघून आल्या. मग समोरची तपकिरी पँट ओढून शिवायला लागल्या.

तासाभराने मास्तरांनी ती पँट हातात घेऊन उलटसुलट केली. दोन्ही पाय दोन-दोन इंच कमी करायचे होते. बाईंनी एकच पाय दोनदा दुमडला होता, तोही काळ्या दोऱ्याने.

"बाई, तब्येत बरी आहे ना?"

"मला काय झालंय?"

"बारा वर्षांत तुमचा टाका असा गेलेला नाही. म्हणजे, एकदा गेला होता. लेकीला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा. मी काही बोललो नाही, उसवून शिवून टाकलं." मास्तरांनी उसवायला ब्लेड घेतलं. "चांगल्या हाताच्या एवढ्या चुका एकदम झाल्या, तर मी कापडाकडे नाही बघत. माणसाकडे बघतो."

बाईंनी बोटांवर मोजलं. आठ भाग. सात चुका. सातही एकाच स्वयंपाकघरात, एकाच भांडणात. म्हणजे शूटिंगच्या एकाच दिवसात.

दुकानाच्या पायरीवर जाऊन त्यांनी फोन लावला. लेकीने उचलला.

"पट्टी डाव्या हातावरून उजव्यावर गेली," बाई म्हणाल्या. "कप रिकामा होता तो भरला. घड्याळ अर्धा तास मागे. धाकटीचं बटण. खिडकीचा पडदा. खुर्चीवरची ओढणी. आणि तिचं कानातलं, तेवढं नीट दिसत नाही, पण आहे."

"कानातलं?" लेकीचा आवाज एकदम खाली आला. "मला सहाच माहीत होत्या. दिग्दर्शकांना तर दोनच दिसल्या." मग ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. "बघितलीस म्हणजे तू."

"तीनदा. आता मला सांग, त्या दिवशी तुला काय झालं होतं?"

"कुठे काय?"

"बाळा, बाकी सात भागांत टाचणी हललेली नाही."



"ताप होता गं. एकशे तीन. सुट्टी मागितली असती तर माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं असतं. कशीबशी उभी राहिले."

"आणि मला फोनवर म्हणालीस, मस्त चाललंय."

"तू रात्रीच्या गाडीने निघून आली असतीस."

"आलेच असते."

"म्हणून नाही सांगितलं."

"सांगत जा. मालिका येईपर्यंत मला वाट बघायला लावू नकोस."

पुढचं काम मिळेल का, हे बाईंनी विचारलं नाही. लेकीने आपणहून सांगितलं, अजून कळलेलं नाही.

"दुसऱ्या दिवशी ताप उतरला होता?"

"हो गं."

"त्या दिवशी काय शूट केलंत?"

"आई! दुसऱ्या भागातला जिन्यावरचा सीन. का?"

"काही नाही. जेव आता."

बाई आत आल्या. मास्तर काळा दोरा उपसत होते. "काय निघालं?"

"ताप," बाई म्हणाल्या. मग मोबाईल दोऱ्याच्या डब्याला टेकवून त्यांनी दुसरा भाग लावला आणि जिन्यापर्यंत पुढे नेला. दोघी बहिणी वर चढत होत्या. गोष्टीत काय चाललं होतं देव जाणे. बाई थोरलीची पिशवी कोणत्या खांद्यावर आहे ते बघत होत्या, केसांची पिन, सँडलचा पट्टा, पुन्हा पिशवी. कॅमेरा खालून वर गेला, वरून खाली आला. पिशवी डाव्याच खांद्यावर होती.

बाईंनी तो सीन आणखी एकदा लावला.