रुखमाच्या भुवया

रुखमाचे केस चैत्रात गेले. आधी मानेवर रुपयाएवढा चट्टा पडला, मग कानामागे, मग फणी फिरवली की मूठभर केस हातात यायला लागले. गावाने त्याला चाई म्हटलं. कोणी कांदा चोळ म्हणालं, कोणी लसूण. टक्कल पदराखाली झाकलं जात होतं तोवर सगळे प्रेमाने बोलत होते. आषाढ लागेपर्यंत तिच्या भुवयाही गेल्या आणि गाव एकाएकी शहाणं झालं.

गोंडपिपरीच्या बाजूच्या या गावाला महारोगाची चिन्हं तोंडपाठ होती. सरकारने शाळेच्या भिंतीवर ती रंगवूनच ठेवली होती: फिकट चट्टा, बधिर कातडी, गळालेल्या भुवया. त्याच भिंतीवर खाली लिहिलं होतं की हा रोग औषधाने बरा होतो. तेवढी ओळ मात्र कोणाच्या डोक्यात शिरली नाही. लोक भीतीपुरतंच वाचतात.

मीराबाई ही रोवणेकरणींची म्होरकी आणि रुखमा लग्न होऊन आली त्या वर्षापासूनची तिची मैत्रीण. रोवण्याला बाया बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, एका रांगेत वाकतात, खांद्याला खांदा लावून मागे सरकत भाताची रोपं, म्हणजे परे लावतात. मीराबाईने आधी रुखमाला रांगेच्या टोकाला लावलं, मग तिच्या पाण्याचा लोटा वेगळा केला. एका सकाळी तर पऱ्यांच्या पेंढ्या वाटताना तिला टाळून सरळ पुढे गेली.

"काऊन वो मीरा, मले पेंढी नाई?"

"तू घरी राय बाई. बाया भेऊन राह्यल्या. लेकरंबाळं हायेत आमची."

"आन माही नाईत?"

सगळ्या बाया चिखलात काहीतरी हरवल्यासारख्या खाली बघत राहिल्या. ज्यांच्या बाळंतपणात रुखमाने रात्री जागवल्या होत्या, त्याच या बाया. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पाय मात्र घराकडे वळले.

घरी नवरा देवराव होता. माणूस चांगला, पण "होईल बरं" याच्यापलीकडे त्याचं बोलणं जात नसे. रुखमाने आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला. तिला जेवण जाईना, झोप येईना. बुद्धविहारात जाणंही तिने सोडलं. एकदा विहिरीवर ती कळशी न भरता काठावर बराच वेळ उभी राहिली, आणि ते देवरावाने पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः पाणी भरायला लागला. तो का भरतो हे रुखमाला कळलं, तेव्हा तिला स्वतःचाच संताप आला. या लोकांसाठी जीव द्यायचा? हे तर खुशाल मयतीला येऊन जेवून जातील!

महारोगाची तपासणी करणारे साहेब बाजाराच्या दिवशी सायकलवर येत आणि शाळेच्या मागे आडोशाला एकेकाला बघत. रुखमा आडोशाला गेली नाही. भर बाजारात निंबाखाली जाऊन बसली.

"साहेब, इथीच पाहा मले. सगळ्यांदेखत."

साहेबांनी तिला डोळे मिटायला लावलं आणि हातापायांना, गालांना पिसाचं टोक लावलं. लागेल तिथे रुखमा बरोबर बोट ठेवत गेली. त्यांनी कोपरामागची शीर चाचपली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बाईंना महारोग नाही. ही चाईच आहे. कोणाला लागत नाही."

मीराबाई हसत पुढे आली. "मी म्हणतच होती! उद्यापासून ये वो बाई. तुह्याबिना रोवणा मागं पडून राह्यला."

याच शब्दांसाठी रुखमा झुरली होती. ती उठलीसुद्धा. पण तिच्या तोंडून निघालं, "आन निघाला असता तं?"

"निघाला असता तं कशी घेतली असती तुले?" मीराबाई अगदी सरळपणाने म्हणाली, आणि सगळ्या माना हलल्या.

मागे सोमारी उभी होती, गोंडटोल्यावरची, म्हणजे गोंडांच्या वस्तीतली. रुखमाला उघड्यावर बसलेलं पाहून तीही धीर करून आली होती. तिच्या दंडावर फिकट चट्टा होता. मीराबाईचं बोलणं ऐकताच तिने पदर दंडावर ओढला आणि ती चालायला लागली. रुखमाने धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"बस. पाहू दे त्यायले."

पीस चट्ट्यावरून फिरलं. डोळे मिटलेली सोमारी वाट बघत बसली, तिचं बोट काही उचललं गेलं नाही. साहेब म्हणाले, गोळ्या घ्याव्या लागतील, बरा होईल. बाया दोन पावलं मागे सरल्या.

"उद्या रोवण्याला आमी दोघी येतो," रुखमा म्हणाली.

"येडी झाली काय? तू तं सुटली ना!" मीराबाई म्हणाली.

"त्याचाच राग येऊन राह्यला मले!"

दुसऱ्या दिवशी दोघी बांधीवर गेल्या. मीराबाईने पेंढ्या दिल्या नाहीत. रुखमाने ढिगातून दोन उचलल्या, एक सोमारीच्या हातात कोंबली आणि रांगेच्या मधोमध उतरली. चार बाया बांधावर चढून गेल्या. बाकीच्या वाकलेल्याच राहिल्या. मीराबाई बांधावरून शिव्या देत होती, आणि हात न थांबवता रुखमाही देत होती.