एका भावकीतला एकच

हमीदभाई गेल्याचा फोन दापोलीहून त्यांच्या मुलाने, अस्लमने केला. "चाचा, अब्बा गेले," एवढंच म्हणाला...

आखाती युद्धाच्या वेळी आम्ही सौदीत, दम्मामच्या एका इस्पितळात होतो. डॉ. हमीद परकार रक्ततपासणी विभागाचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखालचा तंत्रज्ञ. नोकरी सांभाळून त्यांचं एक वेगळंच काम चाले. पुरुषाचं वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. त्यातले बारीक फरक पाहून कोरियन, चिनी, जपानी माणसं मुळात एकमेकांना किती जवळची, हे त्यांना शोधायचं होतं. "अर्ध्या पूर्वेचे पुरुष इथे कामगारांच्या कॅम्पात येऊन राहिलेत. आपण फक्त सुई घेऊन जायचं," म्हणायचे. अट एकच : एका भावकीतला एकच माणूस घ्यायचा, नाहीतर तेच गुणसूत्र पुन्हा पुन्हा मोजलं जाणार. "नुसतं किम म्हणाला तर सोडू नकोस. कुठले किम, आजा कुठल्या गावचा, विचार. परकार म्हटल्यावर लोक मला विचारतात ना, कुठले?"

जानेवारीत क्षेपणास्त्रं पडू लागली. कोरियन कॅम्प रिकामा होत होता. हमीदभाई वॉर्डात अडकलेले, म्हणून मी एकटाच गेलो. दारात बस उभी, प्रत्येकाच्या खांद्याला गॅसचा मुखवटा, घाई करणाऱ्या ड्रायव्हरचं सारखं "यल्ला, यल्ला"... मी कुणाला काही विचारलं नाही. ज्याने बाही वर केली त्याचं रक्त घेतलं. नळ्या भरल्या म्हणून खूशही होतो.

मागे राहिलेला त्या कॅम्पाचा कोरियन मुकादम पुढे हाताला पट्टी बांधायला आला. हसत मोडक्या हिंदीत म्हणाला, "वो सब? आधा तो मेरा चाचा का लड़का." आधे म्हणजे कोणते, ते आता कळायला मार्ग नव्हता. माणसं कोरियात पोचली होती.

हमीदभाईंनी त्या सगळ्या नळ्या स्वतः नष्ट केल्या. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आमच्या दापोलीत तरी काय रे? एकाला व्हिसा मिळाला की मागून अख्खी भावकी येते. मलाच सुचायला हवं होतं." कोरियन नळ्यांशिवाय तुलना होईना. तो कॅम्प पुन्हा भरला नाही, आणि ते कामही त्यांनी पुन्हा काढलं नाही.

गेल्या महिन्यात दापोलीला जाऊन आलो. बैठकीच्या खोलीत त्यांचा सूक्ष्मदर्शक कापडाने झाकून ठेवला होता, भोवती घरची माणसं बसलेली. अस्लमने विचारलं, "चाचा, अब्बांचं ते मोठं काम अर्धवट का राहिलं? आम्हाला कधी बोलले नाहीत."

"लढाईमुळे," मी म्हणालो.

सगळ्यांनी माना हलवल्या. लढाईचं नाव घेतलं की पुढे कुणी विचारत नाही. अस्लमनेही विचारलं नाही, आणि मी समोरचा चहा उचलला.