पिंपाला हिंगाची धुरी

ये, अशी जवळ बस. म्हणजे तू तिकडे नि मी इकडे, पण कागद हातात घेतलास की जवळच की. आणि आधी तुझे कान उपटते. सख्खी भाची तू, आणि मला फोनवर विचारतेस, "मावशी, तू दारूच्या भट्टीवर होतीस म्हणे?" अगं, ब्रँडी करायचो आम्ही. द्राक्षाची, लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली. फोन ठेवल्यावर सुचलं काय काय बोलायचं होतं ते, म्हणून लिहायला बसले.

तुझे काका नाशिकरोडला नोकरीला, मुलं शाळेत. दिंडोरीकडच्या एका छोट्या कारखान्यात द्राक्षं निवडायला बायका हव्या होत्या. माझा जन्म मळ्यात भाजी निवडण्यात गेलेला, मला काय जड होतं? गेले. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून मनुकांच्या कारखान्यात जाते." मनुका सोडून बाकी सगळे वास माझ्या साडीला यायचे, पण शेजारणीही समजूतदार.

तिथे ब्रँडी गाळणारे मुख्य कारागीर, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, चांदवडकडचे. तांब्याच्या भांड्यात द्राक्षाची वाइन उकळायची, वाफ थंड होऊन नळीतून धार लागायची. ती पहिली धार मास्तर काढून टाकायचे. लोक 'पहिल्या धारेची' म्हणून मिटक्या मारतात, मास्तर म्हणायचे, "त्यानं डोळं जातील. मधली धार आपली." ती मधली कुठं संपते हे ते तळहातावर दोन थेंब चोळून, नाकाशी धरून ठरवायचे. एकदा गंमत म्हणून त्यांनी हात माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "पिकल्या पेरूचा वास येतोय. आणि मागून ओल्या पोत्याचा."

मास्तरांनी परत वास घेतला आणि ओरडले, "बंद करा रे धार! बाईंना पोतं माझ्या आधी लागलं!"

तेव्हापासून माझी बदली पिंपांच्या खोलीत. जिभेला मी आजवर थेंब लावलेला नाही. सगळं नाकावर.

पिंपं ओक नावाच्या परदेशी लाकडाची. रिकामं पिंप धुऊन निथळलं की मास्तर आत गंधकाची वात जाळायचे, बुरशी धरू नये म्हणून. आता ऐक माझा पराक्रम. मास्तरांचं ते शेवटचं वर्ष होतं. मुलगा मागे लागला होता, "पुरे झालं, घरी या." त्यांनी आपलं सगळ्यात लाडकं पिंप निघण्याआधीच्या शेवटच्या मालासाठी राखून ठेवलं होतं. म्हणाले, "एवढं एक माझ्या हातचं राहू द्या मागं." आणि लग्नाला म्हणून दोन दिवस चांदवडला गेले. जाताना मला सांगून गेले, "बाई, पिंप तयार ठेवा."

बघते तर गंधकाच्या वाती संपलेल्या. घरी तेव्हा कैरीच्या लोणच्याची धांदल, आठवडाभर मी बरण्यांना हिंगाची धुरी देत होते. म्हटलं, गंधक काय नि हिंग काय, धुरी ती धुरीच. अंगणात पिंप दोन ओंडक्यांवर आडवं केलं, पोटाला असतं ते भोक खाली, त्याखाली तव्यात निखारा आणि वर सढळ हातानं हिंग. आत धूर कोंडला तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मास्तर आले, पिंप भरलं. नवा माल इतका झणझणीत की कुणालाच काही कळलं नाही. माझं नाक तर हिंगाला सरावलेलं.

महिन्याभरानं मास्तरांनी काचेच्या नळीनं थोडी ब्रँडी काढली. वास घेतला, पुन्हा घेतला.

"ह्यात वरणाला फोडणी कुणी दिली?"

सगळे हसले. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण ते पिंप त्यांचं कोण होतं हे मला ठाऊक होतं. म्हटलं, "मास्तर, मी. बरणीला देतो तशी धुरी दिली."

"निखारा? पिंपाखाली निखारा? खोलीत भडका उडाला असता!"

"बाहेर, अंगणात."

ते स्टुलावर बसले. ओरडले असते तर परवडलं असतं. हळूच म्हणाले, "बाई, बरणी चिनी मातीची. धुतली की विसरती. लाकूड लय लक्षात ठेवतं."

तो माल बाजूला काढला, बाटलीपर्यंत कधी गेला नाही. आणि मास्तरांनी मुलाला निरोप धाडला, "पुढच्या द्राक्षापर्यंत येत नाय." माझ्या हिंगापायी म्हातारा माणूस वर्षभर राहिला! पिंपाचं झाकण काढून आतून रंधा मारला, ओकच्या ढलप्यांच्या जाळावर पिंप शेकलं. भाकरी करपायच्या बेतात असते ना, तसा वास सुटला होता. पुढच्या वर्षी नवी धार भरली. निघताना म्हणाले, "हिंग गेला का, ते आत्ता कळणार नाय. मुरल्यावर कळंल. मी असलो तर बोलवा."

पुढे कितीतरी वर्षं मी दर महिन्याला त्या पिंपाला नाक लावलं. काम सोडल्यावरही कारखान्याची गाडी मला न्यायला यायची. जर्दाळू यायचा, लवंग यायची. पण हिंगाच्या बाबतीत माझा माझ्या नाकावर काडीचा भरवसा नव्हता. रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला हिंग कसला कळतोय? ते एक मास्तरच सांगू शकत होते, आणि ते दर वर्षी आणखी थकत होते.

परवा त्यांना आणलं. सुनेचा हात धरून आले, काठी टेकत. ग्लास नाकाशी धरला आणि डोळे मिटले. किती वेळ! मी म्हटलं, "मास्तर, बोला की. जीव जायची वेळ आली."

"थांबा हो. एवढी वर्षं थांबलात." मग एक घोट घेतला, तोंडात घोळवला. "जर्दाळू हाय. खारीक हाय. बाकी काय नाय." आणि पिंपावर हात ठेवून म्हणाले, "माझंच हाय हे."

मला रडू आवरेना. ते म्हणाले, "बाई, पदर सांभाळा, ग्लासात पडंल."

दिवाळीनंतर बाटल्या भरायच्यात. मास्तर तेवढे दिवस माझ्याकडेच उतरणार आहेत. त्यांना बोलायला माणूस लागतं, आणि माझं बोलणं ऐकून ऐकून ते कंटाळलेत. तू रजा काढ आणि ये. प्यायचा आग्रह नाही, नुसता वास घे. पण लवकर ये गं, म्हातारी माणसं आहोत आम्ही दोघं.