मालकानं माझा खांदा मळला

रामनगरच्या गोदामात, भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर मालकानं मला सदरा काढायला लावला.

मी एवढंच म्हणालो होतो, "मालक, उजवा हात वर जात न्हाई. दोन दिवस पोतं नको."

दुसऱ्या दिवशी बेंदूर. वर्षभर जू ओढलेल्या बैलांचे खांदे आदल्या दिवशी लोणी-हळदीनं मळतात. मालकाचं घर गोदामाला लागूनच. त्यानं वाटी मागवली.

"ह्या डोंगरातल्या बैलाचा खांदा सुजलाय. आधी ह्याला मळा रे."

मुकादमानं दोन बोटं भरून माझ्या खांद्याला हळद चोळली.

"शिंगं रंगवायची राहिली की," एक गिऱ्हाईक म्हणालं.

सगळे हसले. आमचे हमाल हसले. मीसुद्धा हसलो. मालकाच्या बोलण्यापेक्षा माझं ते हसणं मला जास्त जाळतं.

"झालं न्हवं? आता उचल," मालक म्हणाला.

उचललं. तांदळाचं पोतं. खांद्यात आत काहीतरी टरकन फाटलं.

घरी हात बाहीतून निघेना. आईनं सदरा ओढून काढला आणि हळद बघितली.

"ह्ये कुणी लावलं?"

सांगितलं. तिनं ओल्या फडक्यानं हळद पुसली. मग म्हणाली, "मळल्यावर दुसऱ्या दिवशी बैलाला जू लावत न्हाईत. ह्ये ठावं न्हाई व्हय त्याला? का त्यातबी माणूस बैलाच्या खाली?"

बेंदराची सुट्टी बैलांना होती. मालकाचे बैल झूल पांघरून दारात उभे. आम्हाला गोव्याला जाणारा ट्रक भरायचा होता. मी पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसलो.

"ऊठ की रे."

"काल मळलंत न्हवं मालक. आज जू न्हाई."

कुणी हसलं नाही. आमच्यातला सगळ्यात जुना हमाल परशामामा. पोती वाहून त्याची मान एका बाजूला कललेली. तो येऊन माझ्या शेजारी बसला. "मीबी बसतो. माझा खांदा कुणी मळलाबी न्हाई," म्हणाला. आम्ही दोघंच. बाकीच्यांनी खाली मान घालून ट्रक भरला. संध्याकाळी मालकानं आम्हा दोघांना कामावरून हाकललं.

डॉक्टर म्हणाला, आतली शीर फाटली, हात आता कानाच्या वर जाणार नाही. वेळेवर थांबायला हवं होतंस म्हणे. थांबू देतो कोण?

हमालांनो, खांदा दुखतोय हे मोठ्यानं सांगा. त्यात लाज नाही. लाज दुखऱ्या खांद्यावर माल चढवणाऱ्याची. जड पोत्याला दोन माणसं पाहिजेत. सुजलेल्या खांद्याला रजा पाहिजे, आणि परत आल्यावर तेच काम. गोदामागोदामांतून ह्या मागण्यांचा कागद घेऊन मी आणि मामा फिरतो. मालक म्हणतात, बसून बोलू.

बोलणं पुष्कळ झालं. यापुढं ज्या गोदामात जखमी माणसाला पोतं उचलायला लावतील, तिथल्या ट्रकच्या चाकापुढं आम्ही दोघं आडवे पडणार. तो ट्रक गोव्याला जाणार नाही.