गोठ्याच्या भिंतीवरचे कप

तुमच्या घरात मजुरांचे कप वेगळे आहेत का? लगेच नाही म्हणू नका. आधी गोठ्यात आणि मागच्या दाराशी बघून या.

हाच प्रश्न मी एरंडोल तालुक्यातल्या एका गावात सातवीच्या वर्गाला विचारला आणि त्यावरून सभा भरली. मी तिथे तासिकेवर शिकवते, म्हणजे तासांपुरती नेमलेली शिक्षिका. नागरिकशास्त्रात समतेचा धडा चालू होता. मुलं घडाघडा म्हणत होती, सगळी माणसं समान आहेत. ते पाठांतर मला ऐकवेना. मी म्हटलं, घरी जा आणि कप बघा. कोणता कप कुठे असतो आणि त्यातून कोण पितं, एवढंच लिहून आणा.

बहुतेकांनी लिहिलं, सगळे कप सारखे. एका मुलीने घरच्या बोलीतलं 'शेत', म्हणजे 'आहेत', तसंच ठेवून लिहिलं होतं: "आमचे कप चुलीजवळच्या मांडणीवर असतात. गोठ्याच्या भिंतीवर तीन कप पालथे शेत. कापूस वेचणाऱ्या बायांना त्यातून चहा देतात. त्या ते कप स्वतः धुतात. आम्ही हात लावत नाही. का लावत नाही ते मला माहीत नाही."

शेवटच्या वाक्याने मी इतकी हरखले की ते पान तसंच वर्गाच्या भिंतीवर लावलं. तिला विचारलं नाही.

तिचे वडील दीपनगरला वीजकेंद्रात नोकरीला आहेत. शाळेत पालक म्हणून आजोबाच येतात. तेच शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर समिती सहावीच्या वर्गात बसली. मुख्याध्यापकांनी ठराव वाचला. शिक्षकांनी पुस्तकाबाहेर जाऊन जातीपातीचा विषय वर्गात काढू नये. भेदभावावरच्या प्रशिक्षणाला शाळेतून कोणी जाऊ नये. भिंतीवरचं पान काढून टाकावं. खाली समितीच्या सदस्यांनी आणि सगळ्या शिक्षकांनी सही करायची. सही न करणाऱ्या तासिकेवरच्या शिक्षिकेला पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, हे कोणी बोललं नाही आणि मला ते सांगायची गरजही नव्हती.

अमेरिकेतल्या काही राज्यांनी असे कायदे केल्याचं मी वाचलं होतं. वर्गात काय शिकवायचं नाही, कामाच्या ठिकाणी कसलं प्रशिक्षण द्यायचं नाही. तिथेही कारण हेच सांगतात, की मुलांना अपराधी वाटू नये, समाजात फूट पडू नये. आबांनी ते कायदे वाचले नसणार. पण ते बोलायला लागले तेव्हा, वर्तमानपत्रात वाचताना हसले होते तसं मला हसता येईना.

"म्याडम, पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. तिला घराची लाज वाटायला लागली. हे शिक्षण शे का?"



तेवढ्यात चहा आला. शाळेत सभेचा चहा नेहमी स्टीलच्या पेल्यांत येतो. त्या दिवशी कागदी कपांत आला. समितीत नाल्यापलीकडच्या वस्तीतली एक आई आहे. ती आबांच्याच शेतात कापूस वेचते. तिने कप फिरवून बघितला.

"आज बठ्ठासले कागदना कप," ती म्हणाली, म्हणजे सगळ्यांनाच कागदाचे. "आमनामुळे तुमले बी."

कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. मुख्याध्यापक ठरावाच्या कागदाकडे बघत राहिले.

आबांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळले. "तुमना घर नव्हता का असा कप?"

माझं घर धुळ्यात. माझे वडील पत्रकं लिहितात, छापून आणतात, चौकात वाटतात. उरलेल्या पत्रकांची कव्हरं आमच्या वह्यांना असायची. मी अक्षरं त्यांवरूनच शिकले आणि समता हा शब्द मला पहिलीत वाचता येत होता. त्याच घरात, मागच्या दाराशी, न्हाणीच्या बुटक्या भिंतीवर, कान तुटलेला एक कप होता. गटार साफ करायला येणाऱ्या मावशींचा. आई वरून चहा ओतायची. मी शेजारी पायरीवर बसून अभ्यास करायचे. मी कधीही विचारलं नाही.

"होता, आबा," मी म्हणाले. "आणि मला शाळेत कोणी विचारलं नाही, म्हणून मी विचारते. पण पान लावण्याआधी तुमच्या नातीला विचारायला हवं होतं. आणि पहिलं पान माझं असायला हवं होतं. ही चूक माझी."

मी तिथेच कागद घेतला, न्हाणीवरच्या कपाचं लिहिलं आणि सातवीच्या वर्गात जाऊन तिच्या पानाशेजारी लावलं. परत येऊन सांगितलं, ठरावावर सही करणार नाही. पान फाडणार नाही. तिला काढायचं असेल तर तिचं ती काढेल.

"मी बी अंगठा देणार नाही," नाल्यापलीकडची आई म्हणाली. ठराव पुढच्या सभेवर गेला.

सोमवारी ती मुलगी भिंतीपाशी उभी राहिली. माझं पान वाचलं. मग तिच्या पानाची एक टाचणी सैल झाली होती, ती अंगठ्याने दाबून बसवली.

"म्याडम, कप अजून तिथंच शेत," ती म्हणाली. "पण काल एक मी धुतला. आबांनी बघितलं."

"काही बोलले?"

"नाही."

पुढची सभा व्हायची आहे. ठराव मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे आणि त्याच्याशेजारी उरलेल्या कागदी कपांची चळत. मी सही करणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवते.

तुमच्या गावातही शाळेची समिती आहे. पुढच्या सभेला जा. असा ठराव आला तर तो मोठ्याने वाचायला लावा आणि तुमचा विरोध इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका. आणि सभेला घरून निघण्याआधी तुमच्या भिंतीवरचे ते कप खाली घ्या, तुमच्या हाताने धुवा आणि मांडणीवर ठेवा.