कोपऱ्यात मोकळा

मे महिन्यात आमच्या शहरात सकाळी सहाच्या सुमाराला थोडा वेळ असा असतो, की उन्हाचं अजून काही ठरलेलं नसतं. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरलेला असतो आणि टीव्हीत, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, कालची रात्र चालू असते. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचे प्लेऑफ, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांचे सामने मी गेली आठ वर्षं अशा उजेडात बघतो. लाकडी मैदान तळ्यातल्या पाण्यासारखं चकाकतं आणि त्यावर दहा उंच माणसं तरंगत असतात. घरातली मंडळी झोपलेली म्हणून आवाज बारीक, त्यामुळे ती माणसं पाण्याखाली खेळत असल्यासारखी वाटतात. बघता बघता माझाच डोळा लागतो का, की मीच त्यांच्यात जाऊन उभा राहतो, ते मला सांगता येणार नाही. उभा राहतो तो मात्र नेहमी उजव्या कोपऱ्यात.

घर माझं नाही, कप्तानाचं. बारावीला आमच्या कॉलेजच्या संघाचा तो कप्तान होता, म्हणून मी अजून त्याला तेच म्हणतो. तो मला सेठ म्हणतो, टोमणा म्हणून. छावणीतल्या शिंप्याचा हा मुलगा खेळाडू कोट्यातून नोकरीला लागला आणि गेल्या वर्षी निवृत्त झाला. मी जुन्या मोटारी आणि यंत्रं घेतो-विकतो. मला कुणी कोटा दिला नाही.

प्लेऑफमधली सात सामन्यांची मालिका ही माणसानं लावलेली सगळ्यात शहाणी गोष्ट आहे, असं माझं मत आहे. एका सामन्यात कुणीही जिंकतो. मालिका मात्र बाजारातल्या सौद्यासारखी. पहिल्या दोन सामन्यांत समोरच्याचे दात बघायचे, तिसऱ्यात उठून जायचं नाटक करायचं, पाचव्यात त्याचा घाम बघायचा. सातव्यात लपवायला कुणाकडेच काही उरत नाही. हे ज्याला कळत नाही त्यानं वीस षटकांचं क्रिकेट बघावं. त्या क्रिकेटवर माझा राग वेगळाच आहे: तिथं खेळाडूंची बोली उघड्यावर, दिवे लावून लावतात. भाव ही झाकून करायची गोष्ट.

हे मी वडिलांकडून शिकलो. आम्ही सोयगावकडचे मेंढरं राखणारे. वडील छावणीच्या बाजारात बकरे आणत. तिथं व्यापारी आणि मालक एकमेकांचा हात धरत, वर रुमाल टाकत आणि आत बोटं दाबून भाव ठरवत. तोंडानं एक शब्द नाही. चेहरे असे, जणू दोघं ढग बघतायत. वडील म्हणत, "ज्याला पायजे तो मागतो, आन् मागतो तो पडतो. गप ऱ्हायचं." मी आयुष्यभर गप राहिलो आणि त्यावर गोदाम उभं केलं. त्याच कारणानं मला कबड्डी कधी आवडली नाही. तिथं सारखं तोंड चालवावं लागतं, आवाज तुटला की माणूस बाद.

आता त्या कोपऱ्याची गोष्ट. आंतरजिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना. आम्ही एका गुणानं मागे, शेवटचे काही सेकंद, चेंडू कप्तानाकडे. राज्याच्या संघासाठी निवड करणारे दोन साहेब खुर्च्यांवर बसलेले. मी उजव्या कोपऱ्यात मोकळा होतो. नुसता मोकळा नाही, माझ्या भोवती दहा पावलं कुणी नव्हतं. तिथून मी डोळे मिटूनही चेंडू जाळीत टाकत असे. कप्तान दोघांच्या अंगावर घुसला आणि त्याचा चेंडू जाळीच्या कडीवर आपटून बाहेर पडला. आम्ही हरलो. तरी साहेबांनी त्यालाच निवडलं, धाडस बघून. मी गोणपाटात खेळायचे बूट गुंडाळले आणि महिन्याभरात भंगाराच्या दुकानात कामाला लागलो.

चाळीस वर्षं होत आली. तो कोपरा अजून माझ्या झोपेत येतो. तिथं वारा नसतो, सिमेंट गार असतं आणि चेंडू माझ्याकडे निघालेला असतो, फक्त पोचत नाही.

आठ वर्षांपूर्वी कप्तान माझ्या गोदामात पाण्याची मोटार घ्यायला आला. मी मुद्दाम दुप्पट पैसे सांगितले. त्यानं गपचूप कबूल केले. घासाघीस नाही, काही नाही. मला लई राग आला. असा माणूस खोटा तरी असतो किंवा बेफिकीर तरी. जाताना म्हणाला, "सकाळी ये यार, मॅच बघू. घरात दुसरं कुणी बघत नाही." मी गेलो. राग सांभाळायला जवळ जावं लागतं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. कोपऱ्याचा विषय मात्र कधी काढला नाही. दुखतं कुठं ते दाखवलं की भाव पडतो.

यंदा अंतिम मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. त्या दिवशी सामना लागायच्या आधी मला कळलं की कप्तानानं घर विकलंय आणि रविवारी तो नागपूरला मुलीकडे जातोय, कायमचा. सांगितलं ते त्याच्या बायकोनं, चहा ठेवताना. त्या दिवशी नळाला पाणी आलेलं, त्यामुळे वहिनी लवकर उठून ड्रम भरत होत्या. कप्तान टीव्हीकडे बघत राहिला. मी म्हणालो, "बरं." बाकीचं सगळं गिळलं.

सामना मला धुक्यातून दिसला. निळे पुढे जायचे, पांढरे गाठायचे. ड्रममध्ये पडणाऱ्या पाण्याचा आवाज बदलत बदलत वर चढत होता. शेवटच्या सेकंदांत पांढरे एका गुणानं मागे. त्यांचा मोठा खेळाडू दोघांच्या अंगावर घुसला. आणि उजव्या कोपऱ्यात एक सडपातळ पोरगा दोन्ही हात वर करून उड्या मारत होता, तोंड वासून ओरडत होता. चेंडू त्याच्याकडे गेला. त्यानं टाकला. जाळी नुसती हलली.

"बघितलं, सेठ?" कप्तान म्हणाला. "कसा बोंबलत होता!"

माझ्या हातातला कप बशीवर आपटला. "मीपण मोकळा होतो!"

"कुठं?"

"कुठं म्हणजे? फायनलला! उजव्या कोपऱ्यात! चाळीस वर्षं झाली, कप्तान. तू दिला नाहीस."

त्यानं चष्मा काढला. मला वाटलं, आता सबब सांगेल. पण तो खरोखर आठवून बघत होता. "तू तिथं होतास?" तो म्हणाला. "मला तर वाटलं, तू मागं राहिलास. आवाज का नाही दिलास?"

"आवाज? मी काय भिकारी आहे?"

"अरे, पास मागतात सेठ. भीक नाय ती. माझ्या डोळ्यापुढं दोन राक्षस होते. मला कानानं कळलं असतं."

आतून वहिनी म्हणाल्या, "अहो, भांडताय का? पाणी जाईल आता, एक ड्रम राहिलाय."

कप्तान पाईप धरायला उठला. मी तसाच बसून राहिलो. पडद्यावर पांढरे लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, वरून रंगीत कागद हळूहळू खाली येत होते. त्या कागदांत मला तो कोपरा दिसला आणि त्यात उभा असलेला मी. ओठ मिटलेले, चेहरा असा की ढग बघतोय. चांगला सौदागर दिसत होतो. राग गेला नाही. नुसता घर नसल्यासारखा इकडेतिकडे फिरायला लागला.

न्हाणीघराच्या दारात मी गेलो. कप्तान पाठमोरा, पाईप धरून.

"कप्तान."

"हं."

"पुढच्या प्लेऑफला इथं ये. माझ्याकडं. सगळे सामने. मला एकट्याला बघवणार नाहीत."

तो वळला नाही. ड्रम काठोकाठ भरला आणि पाणी त्याच्या पायांवर सांडलं.

"कूलर चांगला आहे का तुझा?" त्यानं विचारलं.

"सेकंडहँड आहे."

"मग आधी भाव करावा लागेल," कप्तान म्हणाला.